डीबगरमधून फंक्शन कॉल केलं की स्टॅकवर काय घडतं: जीडीबीची डमी फ्रेम पायरीपायरीने

ब्रेकपॉइंटवर, म्हणजे आपणच ठरवलेल्या जागी, थांबलेल्या प्रोग्रामला आपण जीडीबी या डीबगरमध्ये (प्रोग्राम थांबवून आत डोकावू देणारं साधन) सहज विचारून टाकतो, ‘प्रिंट यादीमोज(डोके)’. १७ असं उत्तर येतं आणि आपण पुढच्या कामाला लागतो. पण प्रोग्राम तर थांबलेला होता, मग ही १७ नगांची मोजदाद केली कुणी? जीडीबीने नक्कीच नाही. यादी म्हणजे काय, हे त्याच्या गावीही नसतं. मोजदाद तुमच्याच प्रोग्रामने केली, तुमच्याच प्रोसेसमध्ये आणि तुमच्याच स्टॅकवर, म्हणजे फंक्शनं आपला तात्पुरता हिशेब ठेवतात त्या मेमरीवर. जीडीबीने एवढंच केलं, की त्याची रजिस्टरं (प्रोसेसरमधले किमती ठेवायचे कप्पे) बाजूला काढून ठेवली, त्याला दुसऱ्याच फंक्शनच्या दारात नेऊन उभं केलं, पळू दिलं आणि काम झाल्यावर जुनी रजिस्टरं जागच्या जागी ठेवली.

हे सगळं इतक्या गुपचूप होतं, की बहुतेकांना ते कळतच नाही. कळतं ते बिनसल्यावर. बॅकट्रेस, म्हणजे कुणी कुणाला कॉल केलं त्याची यादी, काढावा आणि मधोमध एक अनोळखी ओळ दिसावी: <फंक्शन कॉल्ड फ्रॉम जीडीबी>. ही ओळ तुमच्या कोडमधली नाही, लायब्ररीतलीही नाही. तिला डमी फ्रेम म्हणतात; फ्रेम म्हणजे फंक्शनच्या एका कॉलने स्टॅकवर घेतलेली जागा. ती कशी उभी राहते, कशी ओळखली जाते, कशी मोडते आणि तिच्यात अडकलं तर बाहेर कसं पडायचं, ते आता हाताने करून पाहू.

उदाहरण ६४-बिट इंटेल-एएमडी प्रोसेसर आणि लिनक्सचं आहे. आज्ञा, रजिस्टरं आणि फंक्शनांची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितो आहे; टर्मिनलवर ती नेहमीसारखी रोमन अक्षरांत टाइप करायची.

तयारी

नमुना.सी नावाची छोटी फाइल करा. तिच्यात तीन फंक्शनं पुरेत. ‘बेरीज’ दोन पूर्णांक घेतं आणि त्यांची बेरीज परत देतं. ‘फुटका’ एक पॉइंटर घेतं आणि त्यामागची किंमत वाचतं, पॉइंटर शून्य आहे का हे न तपासता. ‘नंबरदे’ एक ग्लोबल गणक एकने वाढवून परत देतं. मेनमध्ये एखादा लूप आणि त्यात एक स्थानिक व्हेरिएबल ठेवा. तिन्ही फंक्शनं मेनमधून कुठेतरी वापरा, म्हणजे ती बायनरीत राहतील.

कंपाइल करताना जीसीसी या कंपायलरला -जी (डीबग माहिती ठेव) आणि -ओ शून्य (कोड वेगवान करायला जाऊ नकोस) द्या. -ओ२ देऊन पाहायचा मोह आत्ता आवरा. त्या पातळीवर स्टॅटिक फंक्शन कॉलरच्या पोटात इनलाइन होऊन जातं आणि कॉल करायला पत्ताच उरत नाही. कधी कधी कंपायलर फंक्शनची स्वतःच्या सोयीची प्रत करतो, तिचा एखादा आर्ग्युमेंट गाळून टाकतो, आणि जीडीबी मात्र मूळ जाहिरनाम्याप्रमाणे आर्ग्युमेंट भरत राहतो. मग येणारं उत्तर खरं मानायचं की खोटं, हे ठरवणं अवघड होऊन बसतं.

पहिली पायरी: आधीची स्थिती टिपून ठेवा

मेनमधल्या लूपवर ब्रेकपॉइंट लावा, रन करा आणि थांबल्यावर हे विचारा:

(जीडीबी) इन्फो रजिस्टर्स आरआयपी आरएसपी आरबीपी
(जीडीबी) बॅकट्रेस

आरआयपी म्हणजे पुढची सूचना जिथे आहे तो पत्ता, आरएसपी म्हणजे स्टॅकचं टोक, आरबीपी म्हणजे चालू फ्रेमचा खुंटा. तिन्ही आकडे कागदावर लिहून ठेवा. खरे पत्ते लांबलचक असतात, म्हणून या लेखापुरतं आरएसपी ८००० आहे असं धरून चालू. या प्रोसेसरवर स्टॅक वरून खाली, म्हणजे मोठ्या पत्त्याकडून लहान पत्त्याकडे वाढतो, एवढं डोक्यात असू द्या.

दुसरी पायरी: कॉलच्या मधोमध थांबा

नुसतं ‘प्रिंट बेरीज(२, ३)’ म्हटलं तर ५ येईल आणि सगळा तमाशा डोळ्यांआड होईल. तो पाहायचा तर बेरीजच्या आतच पहारा बसवायला हवा:

(जीडीबी) ब्रेक बेरीज
(जीडीबी) प्रिंट बेरीज(२, ३)

आता ५ येत नाही. जीडीबी सांगतो, की आपण कॉल केलेल्या फंक्शनमध्ये असतानाच प्रोग्राम थांबला, म्हणून ज्या एक्स्प्रेशनमध्ये हे फंक्शन होतं त्याचा हिशेब सोडून देत आहोत. फंक्शन संपलं की प्रोग्राम गुपचूप थांबवू. हा निरोप वाचून नवखी मंडळी घाबरतात आणि प्रोग्राम पुन्हा रन करतात. त्याची गरज नाही. बॅकट्रेस काढा:

#० बेरीज (अ=२, ब=३) नमुना.सी:४
#१ <फंक्शन कॉल्ड फ्रॉम जीडीबी>
#२ मेन () नमुना.सी:२१

मेनने २१व्या ओळीवर बेरीजला कॉल केलेलंच नाही, तरी बॅकट्रेस तसं सुचवतो. मधली #१ ही त्या दोघांना जोडणारी खोटी कडी आहे.

तिसरी पायरी: कडी कशी घडली, आकड्यांत

इथे थोडं रेंगाळू, कारण बाकी सगळं यातूनच निघतं.

सगळ्यात आधी जीडीबी थांबलेल्या थ्रेडची सगळी रजिस्टरं, साधी, फ्लोटिंग पॉइंटची आणि व्हेक्टरची सुद्धा, स्वतःच्या मेमरीत उतरवून घेतो. स्वतःच्या म्हणजे जीडीबीच्या प्रोसेसच्या मेमरीत, तुमच्या प्रोग्रामच्या स्टॅकवर नाही. हा तपशील पुढे दोनदा कामाला येणार आहे. शिवाय प्रोग्राम कशामुळे थांबला होता, कोणता सिग्नल आला होता, याचीही नोंद ठेवली जाते.

मग स्टॅकवर जागा करायची. आरएसपी ८००० आहे म्हणून लगेच ७९९२ वर लिहायला सुरुवात करता येत नाही. या प्रोसेसरसाठी लिनक्स जो एबीआय (फंक्शनांनी एकमेकांना कसं कॉल करायचं याचे नियम) पाळतो, त्यात आरएसपीच्या खालच्या १२८ बाइटांना रेड झोन म्हणतात. जे फंक्शन पुढे कुणालाच कॉल करत नाही, ते आरएसपी न हलवता या पट्ट्यात आपले स्थानिक व्हेरिएबल ठेवू शकतं. तुम्ही नेमके अशा फंक्शनमध्ये थांबलेले असाल आणि डीबगरने तिथे खरडलं, तर त्या फंक्शनची किंमत बदलून जाईल आणि दोष शोधायला बसलेला माणूसच नवा दोष पेरून बसेल. म्हणून जीडीबी आधी आरएसपी १६च्या पटीत आणतो (८००० आहेच), आणि त्यातून १२८ वजा करतो: ७८७२.

आता परतीचा पत्ता. बेरीज संपल्यावर प्रोसेसर रेट सूचना चालवेल आणि स्टॅकवर जो पत्ता सापडेल तिकडे उडी मारेल. तिथे जीडीबी टपून बसलेला हवा, म्हणजे तिथे ब्रेकपॉइंट हवा. त्यासाठी जीडीबी स्टॅकवरच एक बाइट राखून ठेवतो. या प्रोसेसरची ब्रेकपॉइंट सूचना एकाच बाइटची असते, त्यामुळे ७८७१ हा एक पत्ता पुरतो. पण स्टॅक १६च्या पटीतच राहिला पाहिजे, म्हणून आरएसपी एकदम १६ने खाली जातो: ७८५६.

पहिले सहा पूर्णांक किंवा पॉइंटर आर्ग्युमेंट रजिस्टरांतून जातात: आरडीआय, आरएसआय, आरडीएक्स, आरसीएक्स, आर८, आर९. आपले २ आणि ३ पहिल्या दोघांत बसतात, स्टॅकवर काहीच जात नाही. सातवा आर्ग्युमेंट असता तर तो इथे स्टॅकवर गेला असता. फंक्शन १६ बाइटांपेक्षा मोठं स्ट्रक्चर परत देणारं असेल, तर त्याच्यासाठी जीडीबीच स्टॅकवर जागा राखतो आणि तिचा पत्ता आरडीआयमधून गुपचूप पहिला आर्ग्युमेंट म्हणून पाठवतो. तुमचे खरे आर्ग्युमेंट मग एकेक घर पुढे सरकतात.

शेवटी परतीचा पत्ता ढकलायचा: आरएसपी ८ने खाली, ७८४८, आणि तिथे ७८७१ हा आकडा. बेरीजच्या दृष्टीने कुणीतरी सरळ कॉल सूचना चालवली असती तर स्टॅक जसा दिसला असता, हुबेहूब तसाच तो आता आहे. आरआयपीमध्ये बेरीजचा पत्ता भरला, की उडी मारायला सगळं सज्ज.

१६च्या पटीचा एवढा हट्ट कशाला, असं वाटेल. कंपायलर व्हेक्टर सूचना वापरताना स्टॅक संरेखित आहे हे गृहीत धरतो. तो नसेल तर निर्दोष फंक्शन पहिल्याच अशा सूचनेवर कोसळतं. आरएसपी हाताने बदलून, आरआयपी हाताने भरून ‘मीच कॉल करतो’ असं धाडस मी एकदा केलं होतं. अर्धा तास गेला, आणि चूक ८ बाइटांची निघाली.

आकड्यांत एक गोष्ट राहिली. जीडीबी आरबीपीमध्येही ७८४८ हीच किंमत भरतो, म्हणजे खोटा खुंटा ठोकतो. का, ते पुढच्या पायरीत.

चौथी पायरी: डोळ्यांनी पडताळा

बेरीजमध्ये थांबलेले असताना:

(जीडीबी) एक्स/२जीएक्स $आरबीपी

आठ-आठ बाइटांचे दोन आकडे दिसतील. पहिला म्हणजे बेरीजने सुरुवातीलाच स्टॅकवर ठेवलेला आधीचा आरबीपी, आपल्या हिशेबात ७८४८. दुसरा म्हणजे परतीचा पत्ता, ७८७१. दुसरा आकडा नीट पाहा. तो कोडच्या पत्त्यांसारखा दिसत नाही, स्टॅकच्याच पत्त्यांसारखा दिसतो. एरवी बॅकट्रेस तपासताना असा परतीचा पत्ता दिसला तर स्टॅक बिघडलाय असाच निष्कर्ष काढाल. इथे तो मुद्दाम केलेला आहे.

त्या पत्त्यावरचा बाइट वाचून पाहिलात तर ब्रेकपॉइंटची सूचना दिसणार नाही. ती प्रोग्राम पळत असतानाच बसवलेली असते, आणि जीडीबी मेमरी दाखवताना स्वतःचे ब्रेकपॉइंट झाकून मूळ बाइटच दाखवतो.

चाणाक्ष वाचकाला एव्हाना शंका आली असेल. हल्ली स्टॅकवरचं कोड चालवायला परवानगीच नसते. मग स्टॅकवरची ब्रेकपॉइंट सूचना चालेल कशी? चालत नाही! रेट झालं, की प्रोसेसर ७८७१ वर जातो, कर्नल म्हणतो इथे चालवायला मनाई आहे, आणि एसआयजीएसईजीव्ही (मेमरीच्या चुकीच्या वापराचा) सिग्नल येतो. हा सिग्नल प्रोग्रामच्या हँडलरकडे जाण्याआधी डीबगरकडे येतो. जीडीबी पाहतो, की सिग्नल आला त्या पत्त्यावर आपलाच ब्रेकपॉइंट लावलेला आहे, आणि त्याला ब्रेकपॉइंट लागला असंच धरतो. काही प्रोसेसरांवर जीडीबी हा ब्रेकपॉइंट स्टॅकवर न ठेवता प्रोग्रामच्या प्रवेशबिंदूवर ठेवतो. मेन सुरू झाल्यावर तिथे पुन्हा कुणी फिरकत नाही, म्हणून ती जागा सोयीची.

आता खास आज्ञा:

(जीडीबी) मेंट प्रिंट डमी-फ्रेम्स

जीडीबी आत्ता किती डमी फ्रेम सांभाळून आहे, त्यांची यादी येते. आपली एकच दिसेल, तिच्या ओळखीसह. ओळख म्हणजे स्टॅकचा एक पत्ता आणि कोडचा एक पत्ता, अशी जोडी. आपल्या हिशेबात स्टॅकचा पत्ता ७८६४, म्हणजे ७८४८ अधिक १६, आणि कोडचा पत्ता ७८७१.

खोट्या खुंट्याचं कोडं इथे उलगडतं. बॅकट्रेस काढताना जीडीबी बेरीजच्या फ्रेमपासून सुरुवात करतो आणि तिचा कॉलर कोण हे शोधतो. बेरीजने जपून ठेवलेला आरबीपी मिळतो ७८४८, परतीचा पत्ता मिळतो ७८७१. आरबीपीत १६ मिळवले की ७८६४. ही जोडी जीडीबी स्वतःच्या यादीत शोधतो. सापडली, म्हणजे ही डमी फ्रेम. प्रत्येक फ्रेमसाठी जीडीबीकडे ‘ही कुणाच्या अखत्यारीतली’ हे ठरवून तिचा कॉलर शोधणाऱ्या अनवाइंडर नावाच्या तुकड्यांची रांग असते आणि डमी फ्रेमचा अनवाइंडर त्या रांगेत अगदी पुढे उभा असतो.

आणि #२, म्हणजे मेन? साध्या फ्रेमचा कॉलर शोधायला जीडीबी कंपायलरने डीबगरसाठी लिहून ठेवलेली ड्वार्फ नावाची माहिती वाचतो आणि तुमच्या स्टॅकवरून रजिस्टरं परत जमवतो. डमी फ्रेमच्या बाबतीत स्टॅककडे पाहायची गरजच नाही. सुरुवातीला बाजूला ठेवलेली रजिस्टरं जीडीबीकडे आहेतच. ‘फ्रेम २’ करा आणि $आरएसपी विचारा: पहिल्या पायरीत लिहून ठेवलेला आकडा जसाच्या तसा येईल.

पाचवी पायरी: बाहेर पडण्याचे तीन रस्ते

‘फिनिश’ दिलंत तर बेरीज पूर्ण होते, परत दिलेली किंमत ५ दिसते, डमी फ्रेम मोडते, रजिस्टरं जागेवर येतात आणि तुम्ही मेनच्या २१व्या ओळीवर असता. मला हाच रस्ता सर्वांत बरा वाटतो.

‘कंटिन्यू’ दिलंत तरी शेवट तोच, पण मुकाट्याने. बेरीज संपते, प्रोग्राम थांबतो, ५ मात्र कुठेच छापलं जात नाही, कारण मूळ प्रिंटचा हिशेब मघाशीच सोडून दिलेला आहे. कंटिन्यू म्हटल्यावर प्रोग्राम पुढच्या ब्रेकपॉइंटपर्यंत जाईल असं वाटतं आणि तो इथेच थांबलेला पाहून माणूस चक्रावतो. पुन्हा एकदा कंटिन्यू म्हणा, मग तो खरा पुढे जाईल.

‘रिटर्न’ दिलंत तर बेरीज अर्ध्यातच सोडली जाते. जीडीबी आधी खात्री करून घेतो, मग फ्रेम काढून टाकतो, आणि खाली डमी फ्रेम आहे हे दिसताच तीही लगोलग मोडतो. एका आज्ञेत दोन फ्रेम जातात. ‘बेरीज’साठी हे निर्धोक आहे. ज्या फंक्शनने अर्ध्यात एखादं कुलूप (लॉक) घेतलेलं आहे किंवा यादीचे पॉइंटर अर्धेच जोडलेले आहेत, त्याच्यासाठी नाही. रिटर्न रजिस्टरं परत आणतं, कुलूप उघडत नाही.

एका कॉलमध्ये थांबलेले असताना दुसरा कॉलही करता येतो. ब्रेकपॉइंट तसाच ठेवून पुन्हा ‘प्रिंट बेरीज(१०, २०)’ करून पाहा. बॅकट्रेसमध्ये दोन डमी फ्रेम दिसतील, एकाखाली एक, आणि मेंटच्या यादीतही दोन. प्रत्येकीकडे रजिस्टरांची स्वतःची प्रत. बाहेर पडतानाही एकेक करूनच पडायचं, आधी आतली, मग बाहेरची. तीन-चार थरांनंतर मी तरी मोजणं सोडून देतो.

काय परत येतं, काय येत नाही

(जीडीबी) प्रिंट नंबरदे()

हे तीनदा करा. मेनने तोवर नंबरदे कॉल केलेलं नसेल तर १, २, ३. चौथ्यांदा प्रोग्रामने स्वतः नंबरदे कॉल केलं तर त्याला ४ मिळेल. रजिस्टरं परत आली, ग्लोबल गणक आला नाही. हीपवरची मेमरी, उघडलेल्या फाइलमधली जागा, एररनोची किंमत, स्क्रीनवर छापायला जमवलेला बफर, यातलं काहीच जीडीबी मागे फिरवत नाही. ‘प्रिंट’ या नावावरून ही नुसती पाहण्याची आज्ञा वाटते. फंक्शन आलं की ती पाहण्याची राहत नाही. व्हॉइड फंक्शनांसाठी ‘कॉल’ वापरा, म्हणजे उत्तराच्या जागी नुसतं ‘व्हॉइड’ छापलं जात नाही. बाकी दोन्ही आज्ञा सारख्याच.

यातली सर्वांत फसवी गोष्ट अक्षरमाळांची. ‘प्रिंट स्ट्रलेन("पुणे")’ म्हटलं की "पुणे" ही अक्षरमाळ जीडीबीच्या मेमरीत आहे, पण स्ट्रलेनला पॉइंटर हवा तुमच्या प्रोग्रामच्या मेमरीतला. मग जीडीबी आधी तुमच्या प्रोग्राममध्ये मॅलॉक (मेमरी मागून घेणारं फंक्शन) कॉल करतो, मिळालेल्या जागेत अक्षरं लिहितो, मग स्ट्रलेन कॉल करतो. एका ओळीत दोन कॉल, दोनदा डमी फ्रेम, आणि ती मॅलॉकची जागा कुणी मोकळी करत नाही. मॅलॉक नसलेल्या छोट्या फर्मवेअरवर हीच ओळ चूक देते ती याच कारणाने.

हाताने एखाद-दोनदा केलं तर काही बिघडत नाही. पण हीच गोष्ट ब्रेकपॉइंटच्या अटीत घातली, ‘ब्रेक १८ इफ स्ट्रकंप(नाव, "पुणे") == ०’, आणि ती ओळ लाखभर वेळा लागली, तर प्रत्येक वेळी मॅलॉक होतो, शिवाय प्रत्येक वेळी रजिस्टरं काढाघाला. प्रोग्राम गोगलगायीसारखा चालतो आणि मेमरी फुगत जाते. त्याऐवजी $_स्ट्रईक्यू(नाव, "पुणे") ही जीडीबीची अंगभूत सोय वापरा. ती तुलना जीडीबीच्या आतच करते, तुमच्या प्रोग्रामला हात लावत नाही. जीडीबी पायथनसह बांधलेला असावा लागतो, पण लिनक्सच्या बहुतेक वितरणांत तो तसाच मिळतो.

आणखी एक लहानशी अडचण. डीबग माहिती नसलेल्या लायब्ररीतलं ‘एसक्यूआरटी’ कॉल केलं, तर जीडीबी म्हणतो या फंक्शनचा परतीचा प्रकार माहीत नाही, तुम्हीच सांगा. उत्तर आरएएक्समध्ये शोधायचं की फ्लोटिंग पॉइंटच्या एक्सएमएम० मध्ये, हे प्रकारावरच ठरतं. ‘प्रिंट (डबल) एसक्यूआरटी(२.०)’ म्हटलं की काम होतं.

सहावी पायरी: मुद्दाम पाडून पाहा

(जीडीबी) प्रिंट फुटका(०)

शून्य पॉइंटर वाचला, एसआयजीएसईजीव्ही आला. हा सिग्नल मघाच्यासारखा ७८७१ वर आलेला नाही, फुटकाच्या पोटात आला आहे, म्हणून जीडीबी तो खरा मानतो आणि तिथेच थांबतो. बॅकट्रेसमध्ये पुन्हा ती कडी. शोध घ्यायचा असेल तर हे सोयीचंच, व्हेरिएबल पाहता येतात. इथून कंटिन्यू म्हणू नका. सिग्नल प्रोग्रामला पोचेल आणि तो मरेल. पाहून झालं की फुटकाची फ्रेम निवडून रिटर्न द्या.

अशा वेळी आपोआप मागे यावं असं हवं असेल तर:

(जीडीबी) सेट अनवाइंड-ऑन-सिग्नल ऑन

जुन्या आवृत्त्यांत हेच नाव मधल्या रेघांशिवाय, एकसलग लिहितात. जीडीबी १४ पासून रेघांचं नाव आलं आणि जुनंही चालतं. आता फुटका(०) पुन्हा करा. सिग्नल आल्याचा निरोप येतो, पण तुम्ही मेनमध्येच असता आणि डमी फ्रेमची यादी रिकामी. अनोळखी कोडबेसमध्ये हे मी सुरुवातीलाच चालू करून टाकतो. सी++ मध्ये कॉल केलेल्या फंक्शनने एक्सेप्शन फेकलं आणि ते पकडायला आत कुणी नसलं, तर सहसा सगळा प्रोग्राम टर्मिनेट झाला असता. तिथे जीडीबी मूळ स्थितीवर परत आणतो, आणि ही सोय पहिल्यापासून चालूच असते.

प्रोग्राम रीड किंवा स्लीपसारख्या सिस्टम कॉलमध्ये अडकलेला असताना तुम्ही कंट्रोल-सी दाबून फंक्शन कॉल केलंत, तर एक गुंता संभवतो. अडवलेला सिस्टम कॉल कर्नल पुन्हा सुरू करू पाहतो आणि त्यासाठी आरआयपी दोन बाइट मागे घेतो. पण आरआयपी तर जीडीबीने बेरीजवर नेऊन ठेवला आहे! दोन बाइट मागे म्हणजे भलत्याच सूचनेच्या मध्यात. म्हणून लिनक्सवर जीडीबी आरआयपी बदलताना, चालू सिस्टम कॉलचा क्रमांक जिथे असतो त्या ओरिग-आरएएक्समध्ये उणे १ भरतो: आता कुठलाही सिस्टम कॉल चालू नाही, मागे फिरू नकोस. काम संपून जुनी रजिस्टरं परत आली की खरा क्रमांकही परत येतो आणि रीड नीट पुन्हा सुरू होतो.

थ्रेड असतील तर

आत्तापर्यंत एकच थ्रेड, म्हणजे प्रोग्राममधला कामाचा एकच धागा, होता. दहा थ्रेडच्या प्रोग्राममध्ये ‘प्रिंट बेरीज(२, ३)’ म्हटलं, की तेवढ्या वेळापुरते बाकीचे नऊही पळतात. तुम्ही ५ वाचेपर्यंत दुसऱ्या थ्रेडने यादीतले चार नग काढून टाकलेले असू शकतात. ‘सेट शेड्यूलर-लॉकिंग ऑन’ केलं की फक्त चालू थ्रेड पळतो. पण तुमच्या फंक्शनला हवं असलेलं कुलूप झोपवलेल्या थ्रेडकडे असेल, तर ते फंक्शन कधीच परत येणार नाही.

माझ्यावर ही वेळ एका चालू सर्व्हरवर आली होती. प्रोसेसला जीडीबी जोडला, अंतर्गत स्थिती लॉगमध्ये ओतणारं एक फंक्शन कॉल केलं आणि प्रॉम्प्ट परत आलाच नाही. ते फंक्शन आत मॅलॉक करत होतं आणि मॅलॉकचं कुलूप होतं दुसऱ्या थ्रेडकडे. कंट्रोल-सी दाबल्यावर कुलपाची वाट पाहत बसलेला थ्रेड दिसला, खाली आमचं फंक्शन, खाली ती डमी कडी. सुदैवाने कुलूप अजून हाती आलेलं नव्हतं, त्यामुळे आमच्या फंक्शनची फ्रेम निवडून रिटर्न दिलं आणि निभावलं. ते हातात असताना रिटर्न दिलं असतं, तर सर्व्हर पुढच्या मॅलॉकला कायमचा गोठला असता.

जीडीबी १४ मध्ये अशा अडकण्यावर मुदत घालायची सोय आली: हाताने केलेल्या कॉलसाठी ‘डायरेक्ट-कॉल-टाइमआउट’, ब्रेकपॉइंटच्या अटीतून होणाऱ्या कॉलसाठी ‘इनडायरेक्ट-कॉल-टाइमआउट’. पहिल्याला एरवी मुदत नसते, दुसऱ्याला ३० सेकंदांची असते. चालू सर्व्हरवर बसायचं असेल तर मी त्याहून सरळ मार्ग घेतो:

(जीडीबी) सेट मे-कॉल-फंक्शन्स ऑफ

आता चुकूनही कॉल होत नाही, जीडीबी नकार देतो. स्ट्रक्चरचे पॉइंटर हाताने उलगडत बसावं लागतं, पण चालतं. कोअर फाइलवर, म्हणजे कोसळलेल्या प्रोग्रामच्या मेमरीच्या प्रतीवर, हा प्रश्नच येत नाही. तिथे पळवायला प्रोसेस नसते, त्यामुळे कॉल होऊच शकत नाही.

एलएलडीबी वापरणाऱ्यांसाठी

एलएलडीबी हा दुसरा एक डीबगर. मूळ कल्पना तीच, फक्त तिथे सवयी उलट्या आहेत. एलएलडीबी ‘एक्स्प्रेशन’मधून कॉल करताना मधले ब्रेकपॉइंट दुर्लक्षून पुढे जातो आणि चूक झाली तर आपोआप मागे येतो. आत थांबून पाहायचं असेल तर --इग्नोर-ब्रेकपॉइंट्स आणि --अनवाइंड-ऑन-एरर यांना फॉल्स द्यावं लागतं. थ्रेडच्या बाबतीत तो जास्त सावध: आधी एकट्या थ्रेडला पळवून पाहतो, ठरावीक वेळात जमलं नाही तर मग सगळ्यांना सोडतो. अर्धवट राहिलेल्या एक्स्प्रेशनमधून बाहेर पडायला ‘थ्रेड रिटर्न -एक्स’.

उठण्याआधी

जोडलेल्या प्रोसेसपासून जीडीबी सोडवण्याआधी मेंटची ती यादी एकदा बघाच. मूळ रजिस्टरं जीडीबीच्या मेमरीत आहेत, प्रोग्रामच्या नाहीत. मधे डमी फ्रेम असताना डिटॅच किंवा क्विट केलंत, तर ती प्रत जीडीबीबरोबर जाते. प्रोग्राम आपला पळत राहतो, बेरीज संपवतो, परतीचा पत्ता वाचतो, ७८७१ वर जातो. तिथे आता ना ब्रेकपॉइंट आहे ना टपून बसलेला कुणी. एसआयजीएसईजीव्ही आता थेट प्रोग्रामलाच पोचतो आणि कोअर फाइलमध्ये मेनकडे जाणारा धागाच सापडत नाही. यादीत काही दिसलं तर एकेक फिनिश किंवा रिटर्न करत ती रिकामी करा, इन्फो रजिस्टर्समधला आरएसपी कागदावरच्या आकड्याशी ताडून पाहा, आणि मगच डिटॅच.